हत्तीच्या केसात ऊस दिसतो, केळ दिसत नाही

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरच्या सीमेवर फिरणाऱ्या रानहत्तींच्या शेपटीचे केस मिळवले, त्यांची स्थिर समस्थानिकांची (स्टेबल आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे, क्षय न होणारे अणू) तपासणी केली, तर हत्तींच्या खाण्यात शेतातला वाटा किती हे काढता येईल का? किती नमुने लागतील, प्रयोगशाळेला काय विचारायचं आणि आलेले आकडे कसे वाचायचे? विचारणारे एमएस्सीचा प्रबंध करताहेत आणि हाताशी साधारण वर्षभर आहे.

कोल्हापुरातल्या आजरा-चंदगडच्या बाजूला बऱ्यापैकी काढता येईल. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या बाजूला, निदान कार्बनवरून तरी, नाही. हत्ती तेच, केस तेच, यंत्र तेच. फरक आहे तो शेतात काय उभं आहे याचा. हा फरक समजला की तुमचा निम्मा प्रबंध जागेवर आला, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के अणू कार्बन-१३ चे असतात, बाकी जवळजवळ सगळे कार्बन-१२ चे. कार्बन-१३ किरणोत्सारी नाही, त्याचा क्षय होत नाही, तो फक्त किंचित जड आहे. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या अणूला झुकतं माप देतं, पण किती झुकतं, हे त्याच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवर ठरतं. झाडं, झुडपं, वेली, भात, गहू, कडधान्यं या सी-३ वनस्पती. त्यांचं डेल्टा मूल्य उणे २७ च्या आसपास येतं. (ठरलेल्या मानकापेक्षा दर हजारी किती कमी किंवा जास्त, असा हा आकडा असतो.) ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, ऊस आणि आपल्याकडची बहुतेक रानगवतं सी-४. त्यांचं मूल्य उणे १२-१३. मधे मोठी मोकळी जागा आहे आणि आहाराचा सगळा हिशोब त्या जागेवर चालतो. योगायोग म्हणजे सी-४ ची रासायनिक वाट १९६०च्या दशकात उलगडली ती उसावरच, आधी हवाईत आणि मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांच्या प्रयोगांतून.

आता तुमच्या हत्तींचं ताट बघा. दोडामार्गात २००२ मध्ये हत्ती कर्नाटकातून उतरले तेव्हापासून पंचनाम्यांत जी नावं येतात ती केळ, माड, पोफळ, भात, फणस, काजू. सगळी सी-३. जंगलातला पाला, सालं, वेली, तेही सी-३. बांबू गवताच्या कुळातला असला तरी तोही सी-३, हे लोक हमखास विसरतात. म्हणजे एखाद्या हत्तीने महिनाभर फक्त केळीच्या बागा झोपवल्या आणि दुसऱ्याने महिनाभर फक्त रानातला पाला खाल्ला, तरी दोघांच्या केसांतला कार्बन जवळपास सारखाच दिसेल. यंत्र कितीही महागडं आणा, जो फरक ताटात नाही तो केसात येणार नाही.

मधाच्या भेसळीत नेमकं हेच घडलं. उसाची साखर किंवा मक्याचं सिरप मधात मिसळलं तर कार्बन समस्थानिकांवरून पकडता येतं, कारण मधमाशा बहुतांशी सी-३ फुलांवर जातात. सी-४ साखरेची मर्यादा ७ टक्के ठेवलेली आहे. मग भेसळ करणाऱ्यांनी तांदळाचं सिरप वापरायला सुरुवात केली. तांदूळ सी-३. चाचणी बिनचूक चालत राहिली आणि भेसळ तिच्या डोळ्यांदेखत पार झाली. तुमच्या प्रबंधातली केळ म्हणजे तो तांदूळ.

घाट चढून आजरा, चंदगडकडे गेलं की चित्र बदलतं. तिथे ऊस आहे, नाचणी आहे. दोन्ही सी-४. पण लगेच खूश होऊ नका, कारण रानगवतही सी-४ आहे. पावसाळ्यात कोवळं गवत वर आलं की हत्ती ते भरपूर खातात. त्यामुळे केसात सी-४ वाढलं म्हणजे हत्ती उसात शिरला, असं म्हणता येत नाही. इथे ऋतू मदतीला येतो. उन्हाळ्याकडे जाताना गवत वाळतं, जरड होतं, आणि हत्ती पाल्याकडे, सालींकडे वळतात. या काळात रानावर जगणाऱ्या हत्तीचा आकडा सी-३ कडे सरकायला हवा. तो न सरकता उलट सी-४ कडे जात असेल, आणि त्याच महिन्यांत आसपास ऊस उभा असेल, तर बोलण्यासारखं काही हाती लागलं. केसाची खरी किंमत या कालक्रमात आहे. केसांच्या सरासरी आकड्यात ती नाही.

असं काम झालेलं आहे. थ्यूर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उत्तर केनियातल्या सांबुरूच्या हत्तींच्या शेपटीचे केस मुळापासून टोकापर्यंत कापून मोजले, आणि जोडीला त्या हत्तींच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यांची माहिती होती. बाकीचे हत्ती पावसात गवत आणि कोरड्या दिवसांत पाला, असा ठरलेला ताल दाखवत होते. एक नर मात्र कोरड्या काळात दूरच्या उंचावरच्या जंगलात जायचा, आणि नेमका तेव्हाच त्याच्या केसात सी-४ वाढलेलं होतं. अर्थ लावला गेला तो पिकांवरच्या धाडींचा. हा निष्कर्ष उभा राहिला तो जीपीएसच्या जोरावर. नुसता केस एवढं बोलला नसता. तुमच्याकडे पट्टे नसतील, पण वनखात्याचे पंचनामे आहेत, तारखेसकट आणि गावासकट. हा मोठा ठेवा आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

त्याच अभ्यासात हत्तीचा केस दिवसाला साधारण ०.८ मिलीमीटर वाढतो असं दिसलं. म्हणजे ३० सेंटीमीटरच्या केसात सुमारे वर्षभराची नोंद, आणि ५ मिलीमीटरचा तुकडा म्हणजे जवळपास आठवडा. हत्तीचा केस चांगला जाड असतो, त्यामुळे एवढ्या तुकड्यातून यंत्राला लागणारं अर्धा-एक मिलीग्रॅम वजन सहज निघतं. मात्र हा वेग आफ्रिकी हत्तींचा आहे. आपल्याकडे तो मोजून घ्यायचा असेल तर गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. तिथल्या हत्तींना काय खायला घालतात ते माहूत सांगू शकतो. परवानगी मिळाली तर केसावर खूण करून दोन-तीन महिन्यांनी वाढ मोजता येईल, आणि माहीत असलेल्या आहाराचा केसात कुठला आकडा उमटतो तेही बघता येईल. या एका गोष्टीने प्रबंधाचं वजन जेवढं वाढेल तेवढं रानातले दहा जादा केस आणून वाढणार नाही.

आणखी एक अडचण आधीच सांगतो. झाडाला अंग घासताना गळलेला केस मिळाला तर त्याचं मूळ कुठल्या तारखेचं, हे कळत नाही. तो काल गळला की तीन महिन्यांपूर्वी? बेशुद्ध करून उपचार केलेल्या किंवा मेलेल्या हत्तीच्या केसाची तारीख पक्की असते. रानात सापडलेल्याची नसते. ताज्या लिदीजवळ, ताज्या चिखलाच्या खुणेवर सापडलेलेच केस कालक्रमासाठी घ्या. बाकीचे वेगळे ठेवा. आणि दोन केस एकाच हत्तीचे की दोन हत्तींचे, हे मुळाशी चिकटलेल्या पेशींतल्या डीएनएशिवाय सांगता येत नाही.

आता आकडेमोड. जे खाल्लं ते केसात जसंच्या तसं उमटत नाही. मोठ्या शाकाहारी सस्तन प्राण्यांत केस आहारापेक्षा सुमारे ३ ने जड येतो, हाडातलं कोलॅजेन सुमारे ५ ने. समजा तुमच्या भागातल्या सी-३ खाद्याची सरासरी उणे २७.५ आणि सी-४ ची उणे १२.५ आहे. मग पूर्ण सी-३ खाणाऱ्याचा केस उणे २४.५ आणि पूर्ण सी-४ खाणाऱ्याचा उणे ९.५ यायला हवा. तुम्हाला उणे २० मिळाला, तर सी-४ चा वाटा ४.५ भागिले १५, म्हणजे ३० टक्के. दिसायला सुंदर. पण दोडामार्गातल्या तिळारीच्या दाट, ओल्या रानात फांद्यांच्या छताखाली वाढणारी पानं उणे ३० च्याही खाली सहज जातात. सावली, ओल आणि जमिनीतून सुटणारा हलका कार्बन डायऑक्साइड ही त्याची कारणं. सी-३ ची सरासरी उणे ३० धरली तर त्याच उणे २० च्या केसाचा वाटा ४० टक्के होतो. केस बदलला नाही, हत्ती बदलला नाही, फक्त पुस्तकातला आकडा सोडून रानातला घेतला आणि दहा टक्के इकडचे तिकडे झाले.

म्हणून माझं ठाम मत: पैशांचा निम्म्याहून मोठा भाग वनस्पतींवर खर्च करा. हत्ती खातात त्या मुख्य जाती, प्रत्येकीची चार-पाच वेगवेगळी झाडं, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही, घाटाच्या वर आणि खाली. उसाची लावण वेगळी, खोडवा वेगळा. खत काय घातलं ते शेतकऱ्याला विचारून लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, फोटोत बरं दिसत नाही, आणि मार्गदर्शक म्हणतील की मागच्या कुणाच्या तरी शोधनिबंधातले आकडे घे. घेऊ नका. आणि दोडामार्गात अननसाच्या लागवडी आहेत हेही लक्षात ठेवा. अननस तिसऱ्याच पद्धतीचा, कॅम वनस्पती. रात्री कार्बन घेतो आणि त्याचा आकडा सी-४ च्या जवळ जातो. कोकणातल्या हत्तीच्या केसात अचानक सी-४ दिसलं तर उसाकडे बोट दाखवण्याआधी आसपासचे अननसाचे मळे बघून या.

यापुढचा मुद्दा जास्त नाजूक आहे आणि त्यासाठी आपल्याच देशातलं काम हाताशी आहे. रामन सुकुमार आणि आर. रमेश यांनी १९९२ मध्ये दक्षिण भारतातल्या हत्तींच्या हाडांतल्या कोलॅजेनचे कार्बन समस्थानिक प्रसिद्ध केले. हे हत्ती ऋतूनुसार गवत आणि पाला यांत अदलाबदल करतात, आणि किती काय खातात याची निरीक्षणं होती. कोलॅजेनमध्ये पाल्याचा हिस्सा प्रत्यक्ष खाण्यापेक्षा जास्त उमटलेला दिसला. संभाव्य कारण असं की पाल्यात प्रथिनं जास्त, आणि कोलॅजेन हे प्रथिन आहे. शिवाय प्रौढांचे आकडे उणे १६ ते उणे २०.३ एवढ्यात मावले, तर वाढत्या वयाच्या हत्तींचे उणे १०.५ पासून उणे २२.७ पर्यंत पसरले, कारण वाढत्या शरीरात कोलॅजेन भराभर बदलतं.

हे तुमच्या उसाला लावून बघा. ऊस म्हणजे साखर, पाणी आणि तंतू. प्रथिन अगदी थोडं. केस म्हणजे केरॅटिन, तेही प्रथिनच. त्यामुळे हत्तीने पोटभर ऊस खाल्ला तरी त्या साखरेतला बराच कार्बन श्वासावाटे निघून जाईल आणि केसात पाल्याचा कार्बन जास्त शिरेल. केसावरून काढलेला उसाचा वाटा म्हणूनच प्रत्यक्षापेक्षा कमी येण्याची शक्यता आहे. समस्थानिक सांगतात ते अंगी लागलेलं. तोंडात गेलेलं ते सांगत नाहीत. लिदीत उलटं होतं: साखर पचून जाते, चोथा उरतो, आणि हत्तीचं पचन तसं अर्धवटच असल्यामुळे चोथा भरपूर असतो. लीद आहाराच्या आकड्याच्या जवळ असते, किंचित हलकी, आणि गेल्या एक-दोन दिवसांची गोष्ट सांगते. केस आणि लीद दोन्ही मोजलेत तर दोन वेगवेगळ्या दिशांना झुकलेले आकडे मिळतील आणि सत्य कुठेतरी त्यांच्या मधे असेल. एकट्या केसावर राहण्यापेक्षा हे बरं.

एका रात्रीची धाड केसात वेगळी दिसेल, अशी आशाही ठेवू नका. घोड्यांना सी-३ चाऱ्यावरून सी-४ चाऱ्यावर नेऊन शेपटीचे केस मोजल्याचा एक प्रयोग आहे. त्यात केसातला सुमारे ४० टक्के कार्बन दिवसाभरात बदलू लागला, पण जवळपास तेवढाच हिस्सा शरीराच्या जुन्या साठ्यातून येत राहिला, ज्याचा अर्धा बदल व्हायला १४० दिवसांच्या घरात वेळ लागतो. म्हणजे केसातली रेघ नेहमी मागच्या महिन्यांची सावली घेऊन येते. टोकं बोथट होतात.

दोडामार्गचं मग काय करायचं? तिथे लिदीतून डीएनए मेटाबारकोडिंग करा, म्हणजे लिदीत उरलेल्या वनस्पतींचा डीएनए वाचून जाती ओळखा. केळीचा डीएनए आणि रानातल्या पाल्याचा डीएनए वेगळा ओळखू येतो, कार्बन पद्धत कुठलीही असो. त्यातून वाटा किती हे नीट कळत नाही, पण खाल्लं की नाही हे कळतं. नायट्रोजनचा मोह अनेकांना होतो. युरियातला नायट्रोजन शून्याच्या जवळ, शेणखतातला बराच जड, तेव्हा शेत आणि रान वेगळं काढता येईल, असा तर्क. तो पूर्ण चुकीचा नाही, पण एकाच शेतात युरिया आणि शेणखत दोन्ही पडतात, कोरड्या प्रदेशात नायट्रोजन आपोआप जड होतो, आणि उपासमार झालेल्या प्राण्यातही बदलतो. आकडा त्याच तपासणीत जवळपास फुकट मिळतो म्हणून मोजा. त्यावर प्रबंध उभा करू नका.

संख्येबद्दल. या पट्ट्यातले हत्ती हातांच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. एका केसाचे साठ तुकडे म्हणजे साठ हत्ती नव्हेत. तुकडे एकमेकांना बांधलेले असतात, त्यांना स्वतंत्र नमुने धरून पी-व्हॅल्यू काढलीत तर परीक्षक तिथेच थांबवेल, आणि योग्यच करेल. प्रत्येक केस ही एक कालमालिका समजा. मिक्सएसआयएआरसारखी मिश्रण-मॉडेल (खाद्याच्या आणि केसाच्या आकड्यांवरून प्रत्येक खाद्याचा वाटा काढणारी संगणकीय पद्धत) वापरा, त्यात खाद्यातल्या कार्बन-नायट्रोजनच्या प्रमाणाची दुरुस्ती करण्याची सोयही आहे. पण केळ आणि रानातला पाला असे एकमेकांवर पडणारे स्रोत त्यात वेगवेगळे भरलेत, तर मॉडेल तुम्ही आत घातलेलं गृहीतकच गुळगुळीत आलेख काढून परत देईल. असे स्रोत एकत्र करा. आणि उत्तर नेहमी पट्ट्याच्या रूपात द्या, म्हणजे कमीत कमी किती ते जास्तीत जास्त किती. त्सावोच्या नरभक्षक सिंहांचं उदाहरण घ्या. १८९८ मध्ये केनियात रेल्वेच्या कामावरचे मजूर, ज्यांत हिंदुस्थानातून नेलेले कितीतरी होते, या दोन सिंहांनी मारले. सिंहांची हाडं आणि केस शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. २००९ मध्ये समस्थानिकांवरून दोन्ही सिंहांनी मिळून सुमारे ३५ माणसं खाल्ली असावीत असा अंदाज आला. हाच आकडा सगळीकडे छापून आला. अभ्यासकांनी दिलेला पट्टा होता ४ ते ७२.

सिंहांच्या या उदाहरणात तुमच्या कामाचा आणखी एक धागा आहे. समस्थानिक खाल्लेलं मोजतात, मारलेलं नाही. हत्तीही माड पाडतो आणि आतला कोंब तेवढा खातो. केळीची बाग तुडवतो आणि चार घड नेतो. तुमचा आकडा उद्या कुणीतरी नुकसानभरपाईच्या चर्चेत ओढेल की बघा, शेतातला वाटा तर फक्त एवढाच. हत्तीने खाल्लेलं आणि शेतकऱ्याचं गेलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रबंधात पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहा.

नमुने सांभाळायचं थोडक्यात: केस कागदी पाकिटात, मुळाचं टोक कुठलं ते खूण करून. प्लास्टिकमध्ये दमट ठेवू नका, अल्कोहोलमध्ये किंवा फॉर्मालिनमध्ये तर अजिबात नाही. धुवायला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलचं २:१ मिश्रण. पानं आणि लीद ६० अंशांवर वाळवून बारीक पूड. अशी यंत्रं गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे पीआरएलमध्ये आहेत. कुठेही पाठवा, पण आधी विचारा: मोजमापाची पट्टी दोन मानकांनी बांधता का, आणि ती मानकं माझ्या आकड्यांच्या दोन्ही बाजूंना आहेत का? दर किती नमुन्यांमागे मानक चालवता? एकच नमुना पुन्हा मोजला तर फरक कार्बनमध्ये साधारण ०.१ आणि नायट्रोजनमध्ये ०.२ एवढाच यायला हवा. तुमच्याकडूनही दहातला एक नमुना दोनदा पाठवा, नाव बदलून.

हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे. गळलेला केस उचलायलाही प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो. अर्ज आजच करा. ऊस, नाचणी, केळ, माड यांची पानं गोळा करायला मात्र शेतकऱ्याच्या होकाराशिवाय काही लागत नाही, तेव्हा तिथून याच आठवड्यात सुरुवात होऊ शकते.